मेहुण्याच्या किल्लीनं केलेला न्याय

ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर उलटा चालवणं काय असतं, ते सीटवर बसल्याशिवाय कळत नाही. ट्रॉली डावीकडे न्यायची तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचं, आणि जरा जास्त फिरलं की सगळं दुमडून बसतं. डिंगोऱ्याला आमच्या जत्रेत याची शर्यत होते. चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या दोन रेषांमधून, मध्ये ठेवलेल्या पिंपांना न शिवता मागे मागे जायचं. ओळीनं तीन वर्षं पहिला नंबर माझ्या मेहुण्यानं अवसरी बुद्रुकला नेला.

मला ते फार खुपायचं. त्याचा ट्रॅक्टर नवा, पॉवर स्टिअरिंगचा. माझा वडिलांच्या वेळचा. फरक काय तो एवढाच, असं मी ज्याला त्याला सांगत सुटायचो. यंदा तो बक्षीस घेऊन आला, तेव्हा चारचौघांत, बायकोच्या देखत, मी पुन्हा तेच बोललो.

तो चिडला नाही. खिशातली किल्ली काढून माझ्या हातात दिली.

"दाजी, आदलाबदली करू. तुमी माझा घ्या, मी तुमचा घेतो. मंग बघू की राव."

आता मागं हटलो असतो तर गावानं वर्षभर हसून घेतलं असतं. मी बसलो. स्टिअरिंग एका बोटानं फिरत होतं आणि मी सवयीनं दोन्ही हातांचा जोर लावला. पहिलं पिंप कसंबसं चुकवलं, दुसरं आडवं झालं.

मग तो. आधी सबंध वाट उलट्या पावलांनी पायी चालला. हे तो दरवर्षी करायचा आणि मी त्याला नाटक म्हणायचो. मग माझं स्टिअरिंग दोनदा हलवून म्हणाला, "उजवीकडं लई ढिलं हाय." इतक्या वर्षांत मला ते जाणवलं नव्हतं.

स्वतःच्या ट्रॅक्टरपेक्षा त्याला वेळ जास्त लागला, तेवढं माझं खरं होतं. घामाघूम झाला. पण एकाही पिंपाला धक्का नाही. माझा ट्रॅक्टर इतका सरळ मागं जाताना मी कधी पाहिला नव्हता. हरतोय हे विसरून मी टाळ्या वाजवल्या, आणि मनापासून वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात उलट्या पावलांनी चालत होतो. बायकोनं पाहिलं आणि हसत भावाला फोन लावला.

"आरं, तुझं दाजी उलटं चालाया लागलं!"

स्पीकरवर त्याचा आवाज आला, "हसू नगं आक्का. आता पुढच्या वर्षी मला भ्या हाय."