जळालेल्या ट्रान्सफॉर्मरचे वेढे

न्हावा शेवा बंदरातल्या क्रेनच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन मी श्रीवर्धनजवळ गावी राहायला आलो, तेव्हा टेम्पोतून सगळ्यात आधी उतरवला तो माझा गाणी ऐकायचा अँप्लिफायर. काचेच्या व्हॉल्व्हचा, उचलायला दोन माणसं लागणारा. परदेशातल्या एका छोट्या कंपनीने असे थोडेच बनवले आणि मग ती बंद पडली. तिचं नाव सांगितलं तर हौशी लोकही "कुठली म्हणालात?" असं विचारतात.

गेल्या वर्षी एका सकाळी वीज जास्त दाबाने आली आणि घरभर जळका वास सुटला. अँप्लिफायरमधला ट्रान्सफॉर्मर जळाला होता. मुंबईच्या दोन दुरुस्तीवाल्यांना फोटो पाठवले. दोघांचंही उत्तर एकच, पार्ट मिळणार नाही.

बोर्ली पंचतनला एक म्हातारे मिस्त्री लग्नमांडवांचे भोंगे आणि पंख्याच्या मोटारी दुरुस्त करतात. फारशी आशा न ठेवता मी अँप्लिफायर रिक्षात घालून तिकडे गेलो. त्यांनी झाकण काढून आतल्या जोडण्यांवरून बोट फिरवलं.

"ज्यानं बनवलाय, त्याचा हात चांगला हाय," ते म्हणाले. "तार पुन्हा गुंडाळावी लागंल. पन जुनी सोडताना वेढे मोजाय पायजेत, आनि माजे डोले आता साथ देत न्हाईत."

"मी मोजते की," आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला.

पुढचे कितीतरी दिवस दुपारी दोघं अंगणात बसत. मिस्त्री केसासारखी बारीक तार सोडवत, वहिनी मोजत. शंभर झाले की जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने एक रेघ. मी जमेल तेव्हा जाऊन बसायचो. एकदा मांजराने वाळत घातलेला बोंबील पळवला. मी उठलो, वहिनी हलल्या नाहीत. रेघ ओढून झाल्यावर म्हणाल्या, "बोंबील गेला तर गेला, आकडा न्हाय गेला."

नव्या तारेचे वेढेही त्यांनीच मोजले. जोडणी झाल्यावर मिस्त्रींनी फोन केला, "येताना तुमचे स्पीकर घेऊन या. भोंग्यावर कसा तपासू?"

मी रिक्षात स्पीकर आणि रेकॉर्ड प्लेअर घातला आणि नातीला ऐकवतो ती जुनी ख्यालाची रेकॉर्डही घेतली. व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस झाले. आधी नुसता तानपुरा आला. मग गाणाऱ्या बाईंनी श्वास घेतला, तोही ऐकू आला. वहिनींनी चमकून दाराकडे पाहिलं, कोणी आलं की काय म्हणून. मग पदराला हात पुसून खाली बसल्या.

"आमच्या घरात चाळीस वर्सं आवाजाचंच काम चाललंय," त्या थोड्या वेळाने म्हणाल्या, "पन बसून गानं कधी ऐकलं न्हवतं."

या यंत्राचं मोल मला एकट्यालाच कळतं, अशा भ्रमात मी इतकी वर्षं होतो. मिस्त्रींचे आभार मानायला लागलो, तर त्यांनी बायकोकडे बोट दाखवलं. मी वहिनींना वाकून नमस्कार केला. त्या संकोचल्या, आणि त्यांनी रेकॉर्डची दुसरी बाजू लावायला सांगितली.