पावण्यांच्या पेटीतली ओल

हवेलाही तहान लागते, हे सगळ्या कोल्हापुरात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो नेमका माझ्या बायकोचा भाऊ निघाला. दुसऱ्या कुणाचा असता तर मी लांबून हसलो असतो. मेव्हण्याला जवळून हसावं लागतं, आणि जवळून हसणाऱ्याच्या हातात हा माणूस पाण्याचा तांब्या देतो.

सूतगिरणीत त्यानं जन्मभर एकच काम केलं. सूत सुकलं की तुटतं, म्हणून खात्यातली हवा ओली ठेवायची. भिंतीवर दोन नळ्यांचं एक यंत्र असायचं, ताप बघायच्या नळीसारखं. एक नळी कोरडी, दुसरीच्या बुडाला ओली वात. दोन्हीतले आकडे जवळ आले की हवा ओली, लांब गेले की कोरडी. चौथीतनं शाळा सोडलेल्या मला हे त्यानं शंभरदा समजावलं असेल, त्यातलं पन्नासदा मी जेवत असताना. पुढं गिरणी बंद पडली. बाकीचे मान खाली घालून घरी आले. हा ते यंत्र साहेबाकडून मागून घेऊन, पोर धरावं तसं छातीशी धरून आला. आता गिरणी नव्हती, पण हवा होती. कुणाच्याही घरी गेला की चपला काढायच्या आधी उंबऱ्यात थांबून नाकानं वारा ओढायचा आणि सांगायचा, "कोरडं हाय." माझ्या थोरलीच्या लग्नात मांडवात उकडायला लागलं, तर ह्यानं दोन बादल्या पाणी असं शिंपडलं की मंगलाष्टकं संपली तरी अक्षता लोकांच्या तळहाताला चिकटून राहिल्या. नवऱ्यामुलाच्या मामानं भात झटकावा तसा हात झटकला. हा मात्र खूश. "बगा दाजी, एकबी बाई घेरी येऊन पडली न्हाय!"

अशा माणसाच्या हाती साप लागायला नको होता. कागलच्या बाजूला ऊसतोडीत एका धामणीच्या पाठीवर कोयता बसला. बिनविषारी जनावर, उंदीर खाऊन शेतकऱ्याचं भलंच करणारं. हा तिथं गेलेला. टॉवेलात गुंडाळून तिला घेऊन आला. वनखात्याच्या माणसाला सांगितलं, जखम भरली की सोडतो. त्याची बायको म्हणाली, "एक तर ती ऱ्हाईल, न्हाय तर मी." ह्यानं उत्तर द्यायला जरा वेळ लावला, ते ती अजून विसरलेली नाही. मग पेटी आमच्या पुढच्या खोलीत, सोप्यात आली. "चार दिसांचं पावणं हाय, आक्का," असं बहिणीला म्हणाला. तेव्हापासून त्या धामणीचं नाव 'पावणं' पडलं, आणि जखम भरली तरी ह्याच्यानं सोडवेना, चार दिवसांचे दहा महिने झाले.

पेटीला पुढून काच, आत त्याचं यंत्र टांगलेलं. "सूत आन् साप एकच, दाजी. सुकलं की कामातनं गेलं. ओल न्हाय मिळाली तर कात फाटून निघती, डोळ्यावरचा पापुद्रा तसाच ऱ्हातो." पण हाताला गिरणीची सवय. पहिल्या महिन्यात इतकं पाणी मारलं की पेटीत बुरशी आली आणि पावण्यांच्या पोटाखाली फोड उठले. म्हशींचा डॉक्टर घाबरत घाबरत काचेपासून हातभर लांब बसला आणि म्हणाला, "आवो, साप हाय ह्यो, मासा न्हवं." मग पेटीला भोकं पाडली, अर्धी बाजू ओली, अर्धी कोरडी ठेवली. जनावराला पाहिजे तिथं ते बसेल.

मी मार्केट यार्डात गुळाच्या ढेपा वाहिलेला माणूस. हवा ओली झाली की गुळाला घाम फुटतो, हे अंगठा लावून सांगतो. म्हटलं, कशाला पाहिजे तुझं यंत्र? पेटीत गुळाचा खडा ठेवला. दुपारपर्यंत मुंग्यांची रांग पेटीत आणि पावणं पाण्याच्या भांड्यात जाऊन बसलेलं. मेव्हणा नाचायला लागला, "तुमच्या गुळानं जीव घेतला असता की!" मी म्हटलं, "तू फोड आणलास, मी मुंग्या. फिटलं." आमची बायको भाकरीचं पीठ हाताला तसंच घेऊन बाहेर आली, मुंग्या झाडल्या, पेटीत हात घालून ओलीसाठी कोपऱ्यात ठेवलेलं पोतं चाचपलं. "दोघंबी लई शाणं हाईसा. माझ्या हाताला ओल कळती की." त्या दिवसापासून पेटी तिच्याकडं गेली. सकाळी, दुपारी, दिवे लावायच्या आधी, तीन वेळा ती चार बोटांनी पाणी शिंपडायची. मेव्हणा येऊन यंत्र बघायचा आणि काही चुकलेलं नाही म्हणून हिरमुसून चहा प्यायचा.

त्या उन्हाळ्यात ती आजारी पडली. दवाखान्यात शेवटी शेवटी डोळे उघडून म्हणाली, "पावण्यांना पाणी शिंपडलं का?" मी जेवलो का, हे विचारलं नाही. मी शिंपडलं म्हणालो. खोटं बोललो.

ती गेली. बारा दिवस घर माणसांनी भरलेलं, पण पेटीकडं कुणाचं लक्ष नव्हतं. तेराव्या दिवशी मेव्हण्यानं काचेला नाक लावलं. कात तुकड्यातुकड्यांनी निघालेली, दोन्ही डोळ्यांवर जुना पापुद्रा तसाच. नळ्यांतले आकडे एवढे लांब गेलेले की मलाही दिसलं. तो ओरडला, "पेटी पार सुकलीया, दाजी!"

"घर सुकलंय," मी म्हटलं. "तू पेटीचं काय घिऊन बसलाईस?"

तो खाली बसला. काचेवरची धूळ बोटानं पुसत म्हणाला, "आता फुडची कात नीट पडाय पायजे. न्हाय तर आंधळं हुईल. आंधळा साप कुटं सोडायचा? आक्का म्हणायची, पावण्यांना उसात नेऊन सोड. तिला काय सांगू?"

मग आम्ही दोघं लागलो. तो यंत्र बघायचा, मी पाणी मारायचो, आणि दोघं एकमेकांना शिव्या द्यायचो. महिन्याभरानं पावण्यांचे डोळे निळसर, धुरकट झाले. कात जवळ आली. पोतं खरबरीत पडत होतं. मऊ जुनं सुती कापड पाहिजे, एवढंच तो म्हणाला आणि माझ्याकडं बघायचं टाळून भिंतीकडं बघत बसला. मी ट्रंक उघडली. तिचं एक लुगडं ठेवलं होतं, धुवून धुवून साईसारखं मऊ झालेलं. त्याला न देता मीच भिजवलं, मीच पिळलं, घडी घालून पेटीत ठेवलं. त्याला वाटलं मी रडतोय. मी पिळत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पावणं लुगड्याच्या घडीतून सरकत बाहेर आलं, काळंभोर चकचकीत, डोळे काचेच्या मण्यांसारखे. घडीत अखंड कात होती. मेव्हण्यानं ती उलगडून डोळ्यांच्या जागचे पापुद्रे उजेडात धरले. एकाखाली एक, जुने, नवे, सगळे. "आलं, आलं!" म्हणत त्यानं मला मिठी मारली, ओल्या हातांनीच. त्याच आठवड्यात कागलकडच्या उसात जाऊन पावणं सोडलं. पावण्यांनी मागं वळून बघितलंसुद्धा नाही.

पेटी मोडली, पण यंत्र त्यानं माझ्या सोप्यात टांगलं. रोज येतो, वातीला पाणी घालतो, नळ्या निरखतो. "दाजी, लई कोरडं हाय," म्हणतो, दोन-चार थेंब शिंपडतो आणि तासभर बसतो. परवा आठ दिवस नुसती झड लागलेली, भिंतींना ओल, दोन्ही नळ्यांतले आकडे एकाला एक चिकटलेले. हा भिजत आला, यंत्राकडं बघितलं आणि म्हणाला, "कोरडं हाय, दाजी." आत फळीवरच्या गुळाला घाम सुटून ताटलीत पाक साचला होता. मी फडकं घेऊन ताटली झाकली आणि चहा टाकला.