बायकोला तोंड हुंगायला लावलं

"हुंग याचं तोंड," मॅनेजर म्हणाला. "घरची हायस, तुला वास लगेच कळंल."

हे तो माझ्या बायकोला म्हणाला. तेलगावजवळच्या जिनिंगच्या आवारात, कापूस घेऊन आलेल्या लोकांसमोर. मी मशीनजवळ झोकांड्या खात होतो. हात थरथरत होते, लाळ गळत होती, जीभ जड. त्याने कॉलर धरून मला बाहेर ओढलं.

"सकाळीच लावलीस का बे? तुमच्या वस्तीत दुसरं काय शिकवतेत?"

वस्तीचं नाव निघालं की मान खाली घालायची, ही माझी शाळेपासूनची सवय. मी तोंड उघडलं. बायको कापूस निवडायचं सोडून उठली. लोक हसत होते. लाजेने अंग पेटलं, तरी तोंड मिटलं नाही. मी आ करून उभाच.

तिने वास घेतला.

"दारू न्हाई, साहेब. औषध हाय. सकाळी तुमीच मालकाच्या तुरीवर फवारायला धाडलं हुतं की."

"बायको नवऱ्याचंच बोलणार," तो म्हणाला. लोक पुन्हा हसले. तेवढ्यात मी कोसळलो.

वडवणीच्या सरकारी दवाखान्यात डोळे उघडले. जीपमध्ये घालून आणणाराही मॅनेजरच. खाटेशी उभा होता. डॉक्टरबाई विचारत होत्या, "फवारणी कुणाच्या शेतात केली?"

"त्याच्या सोताच्या," त्याने सांगून टाकलं. मग माझ्याकडे वाकून हळूच, "काम पायजे ना?"

मला गुंठाभर जमीन नाही. बापालाही नव्हती. सकाळी मी दारुडा होतो, दुपारी शेतवाला झालो. त्याच्या सोयीचं जे, ते मी. आणि मी पुन्हा मान खाली घालणारच होतो. पायाशी बायको बसली होती. ती माझ्याकडेच बघत होती.

"मला शेत न्हाई, म्याडम," मी म्हणालो. जीभ अडखळत होती. "तूर मालकाची हाय. ह्यांनीच धाडलं. तोंडाला बांधायला फडकंबी दिलं न्हाई. लिवा."

त्यांनी लिहिलं.

"उद्यापासून येऊ नकू," मॅनेजर म्हणाला.

"येणार. जिनिंगवर येणार, तुरीवर न्हाई. अन् जितं बायकोला हुंगायला लावलं, तितंच, सगळ्यांम्होरं, ह्यो प्यालेला नव्हता म्हणून तुमी सांगायचं."

त्याने अजून सांगितलेलं नाही. आत घेतलेलं नाही. ते हसणारे चेहरे आठवले की आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं. पण मी रोज गेटवर जाऊन उभा राहतो. बायकोही येते. तो सांगेपर्यंत आम्ही हलणार नाही.