सिद्धोधन सरांची हजेरी

सिद्धोधन सरांना लहानपणी गोवर निघाला आणि जाताना डोळे घेऊन गेला. उजवा डोळा पुढे काढूनच टाकावा लागला, तिथे काचेचा बसवला. डावा जागेवर आहे, पण पांढरा पडून आत ओढला गेलेला. अंधशाळेत ब्रेल शिकून, बी.ए., बी.एड. करून ते सोनपेठच्या एका खाजगी संस्थेच्या शाळेत इतिहासाचे शिक्षक म्हणून लागले, त्याला आता बरीच वर्षं झाली. घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता त्यांच्या काठीला पाठ आहे. फक्त बाजाराच्या दिवशी पालं रस्त्यातच मांडलेली असतात, तेव्हा त्यांची बायको सुकेशनी एसटी स्टँडच्या कोपऱ्यापर्यंत सोबत येते आणि मग परत आपल्या शिलाई मशीनवर जाऊन बसते.

सरांच्या आयुष्यात एक मोठी गोष्ट घडली होती, ती म्हणजे फोन बोलायला लागला. डोळस माणसाला त्याचं अप्रूप कळायचं नाही. त्याआधी त्यांचं प्रत्येक पत्र दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून त्यांच्यापर्यंत यायचं. एकदा बहिणीनं सासरच्या त्रासाचं पत्र शाळेच्या पत्त्यावर पाठवलं होतं. ते शाळेतल्या कारकुनानं स्टाफरूममध्ये, सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. सरांनी सांगितलं म्हणून त्यानं वाचलं. पण बहिणीचं दुःख अख्ख्या शाळेनं ऐकलं. फोन आला आणि हे थांबलं. पडद्यावर बोट फिरवलं की खाली जे असेल ते फोन कानात सांगायचा. सर पेपर वाचू लागले, बहिणीशी लिहून बोलू लागले. आपलं गुपित आपल्याच कानात राहतं, हे सुख त्यांना पस्तिशी उलटल्यावर मिळालं.

म्हणूनच, आता हजेरी मोबाईलवर द्यायची असं संस्थेनं जाहीर केलं, तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्यांत कमी कुरकुर सिद्धोधन सरांची होती.

पहिल्या दिवशी सगळे शिक्षक आपापला फोन तोंडासमोर धरून उभे होते. सरांनी अ‍ॅप उघडलं आणि बोट फिरवलं. फोन म्हणाला, "लेबल नसलेलं बटण." बोट खाली नेलं. "लेबल नसलेलं बटण." आणखी खाली. "लेबल नसलेलं बटण." अ‍ॅप बनवणाऱ्यानं बटणांवर नुसती चित्रं काढली होती, त्यांना नावं दिलीच नव्हती, आणि नाव नसेल तर फोन वाचणार तरी काय? सरांनी अंदाजानं एक बटण दाबलं. फोन गप्प झाला. काही वेळानं हातात थरथरला, पुन्हा थरथरला.

शेजारी गणिताचे उद्धव सर होते. त्यांनी फोनमध्ये डोकावून पाहिलं.

"काय म्हणायलाय, उद्धव?"

उद्धव सर घुटमळले. "सर... डोळे उघडे ठेवा अन् कॅमेऱ्याकडं बघा, असं म्हणायलाय."

स्टाफरूममधली बडबड एकदम थांबली. सरच आधी हसले. "त्याला सांगा, लहानपणापासून मी तेच करायलोय."

मग सगळे हसले. पण हजेरी काही लागली नाही. उद्धव सरांनी फोन सरळ धरून पाहिला, खिडकीजवळ नेऊन पाहिला, सरांच्या पापण्या बोटांनी हळूच वर करून पाहिल्या. काचेच्या डोळ्याला ते अ‍ॅप डोळा मानायला तयार नव्हतं, आणि दुसरा तर त्याला दिसतच नव्हता. शेवटी पडद्यावर लाल अक्षरं आली. सरांची त्या दिवशीची गैरहजेरी पडली. त्या दिवशी त्यांनी आठवीला निजामाच्या राजवटीचा धडा शिकवला होता, नववी-दहावीचेही तास घेतले होते.

मुख्याध्यापिका राजेश्री मॅडम वाईट बाई नव्हत्या. त्यांनी सरांसमोरच संस्थेच्या ऑफिसात फोन लावला, बराच वेळ बोलल्या आणि मग रिसीव्हर ठेवून म्हणाल्या, "सर, सिस्टिममध्ये दुसरा रस्ताच ठेवलेला न्हाई. एकाची हजेरी दुसऱ्यानं लावू न्हाई म्हणून चेहरा पायजेच, असं ठरलंय वरून."

"मग जुनं मस्टर?"

"ते बंद करा म्हणून आदेश हाय. मी सही घेऊन ठेवीन तुमची, पण ती कुणी धरणार न्हाई."

सर घरी आले ते विचार करतच. तक्रार करायची नाही, असं त्यांनी ठरवलं. तक्रार केली की माणसं हातभर लांब सरकतात. आपण सुचवू. हे अ‍ॅप कसं असायला पाहिजे तेच करून दाखवू. रात्रीचं जेवण झाल्यावर त्यांनी सुकेशनीला फोन दिला आणि पडद्यावर काय काय आहे ते सांगायला लावलं.

सुकेशनीनं चष्मा लावला, काढला, पुसून परत लावला. "अहो, मलाच दिसायलं न्हाई. पांढऱ्यावर फिक्कं पोपटी लिवलंय. अन् बटण इतकं कोपऱ्यात हाय की अंगठाच पुरत न्हाई."

सरांना हे ऐकून बरं वाटलं. म्हणजे हे आपल्या एकट्याचं दुखणं नव्हतं.

पुढचे काही दिवस ते दोघं त्या अ‍ॅपच्या मागे लागले. सर एकेक पडदा उघडायचे. सुकेशनी सांगायची, सर लिहून घ्यायचे. इथे काय आहे, फोन काय वाचतो, काय वाचायला हवं. प्रत्येक बटणाला नाव द्या. अक्षरं गडद करा. हजेरीचं बटण एकच असू द्या, मोठं, पडद्याच्या खालच्या बाजूला. चेहरा जमत नसेल त्याला बोटाचा ठसा किंवा स्वतःचा गुप्त आकडा द्या. चूक झाली तर ती नुसती लाल रंगात दाखवू नका, शब्दांत सांगा. असं ते लिहीत गेले. मग सरांना वाटलं, आपण सुचवायलोय तो पडदा आपल्याला स्वतःला कळायला नको का? सुकेशनीनं ब्लाउजच्या मापासाठी ठेवलेला पुठ्ठा फोनएवढा कापला, त्यावर जाड दोरा डिंकानं चिकटवून चौकटी पाडल्या आणि मोठ्या बटणाच्या जागी शर्टाचं बटण चिकटवलं. सरांनी त्यावर बोट फिरवलं.

"हे थोडं वर घे. फोन हातात धरल्यावर अंगठा इथं येतो."

"तुमचा येतो. माझा हात बारका हाय."

"मग मधी घे. दोघांचाबी पोचला पायजे."

तिनं बटण उपसून परत लावलं. नवराबायको असं पुठ्ठ्याचं अ‍ॅप करत बसलेत, हे पाहून शेजारीण विचारून गेली की शाळेतल्या पोरांचा प्रकल्प हाय का. सुकेशनी हसून हो म्हणाली. खरं सांगितलं असतं तर समजावत बसावं लागलं असतं.

सगळं नीट लिहून, पुठ्ठ्याचा फोटो जोडून, सरांनी ते कंपनीला पाठवून दिलं. उत्तर येईल अशी फारशी आशा नव्हती. पण एक दिवस फोन आला. पियुष नावाचा तरुण बोलत होता, ते अ‍ॅप बनवणाऱ्यांपैकीच एक. मूळचा परभणीचा, नोकरीला संभाजीनगरला.

"सर, तुमचं सगळं वाचलं मी. तो पुठ्ठा पण बघितला. मी शनिवारी गावाकडं यायलोय, सोनपेठला येऊ का?"

पियुष खरंच आला. शाळा सुटल्यावर तो सरांसोबत रिकाम्या वर्गात बसला. सरांनी त्याला डोळे मिटायला लावले, फोन बोलता केला आणि त्याचंच अ‍ॅप त्याच्या हातात दिलं. तो बोट फिरवत राहिला. लेबल नसलेलं बटण, लेबल नसलेलं बटण. थोड्या वेळानं त्यानं डोळे उघडले.

"सर, मलाच लागंना हजेरी."

"अरे, तुला निदान चेहरा तरी हाय," सर म्हणाले.

पियुष हसला नाही. "आमच्यात कुणी असा विचारच नाही केला, सर. वेळच दिला नव्हता. शाळेच्या शिक्षकांसाठी करा म्हणाले, आम्ही केलं. शिक्षक असा... असा पण असू शकतो, हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं." मग तो उठला. "मी वर सांगतो. तुमचंच डिझाईन दाखवतो. होईल, सर."

त्या संध्याकाळी सुकेशनीनं त्याला आग्रह करकरून जेवायला घातलं. जाताना तो पुठ्ठा सोबत घेऊन गेला. दारात उभ्या असलेल्या सरांना त्याची मोटारसायकल वळणापलीकडे ऐकू येईनाशी होईपर्यंत हलावंसं वाटलं नाही. कुणीतरी आपलं ऐकलं, एवढ्यावर त्यांना त्या रात्री छान झोप लागली.

दरम्यान रोज गैरहजेरी पडत होती. राजेश्री मॅडम सांभाळून घेत होत्या, पण संस्थेतून विचारणा व्हायला लागली होती. सर म्हणायचे, "थांबा थोडं, सुधारणा यायलीय."

आणि सुधारणा आली. एका सकाळी फोननं स्वतःहून अ‍ॅप नवं करून घेतलं. सरांनी स्टाफरूममध्ये जाऊन, हात पुसून, ते उघडलं. आतून बाईचा गोड आवाज आला, "सुप्रभात! आपला दिवस आनंदात जावो!" सर बोट फिरवू लागले, तसा फोनचा नेहमीचा आवाजही सुरू झाला. ती बाई थांबत नव्हती आणि हा आवाजही थांबत नव्हता. दोघं एकाच वेळी बोलत होते. त्या गोंधळात सरांनी कान फोनला चिकटवून ऐकलं. बाई संस्थेचं ब्रीद सांगत होती. फोन म्हणत होता, "लेबल नसलेलं बटण."

"रंग बदललाय, सर," उद्धव सर बाजूनं म्हणाले. "निळा केलाय. संस्थेचं चिन्ह मोठं केलंय."

"अक्षरं?"

"अक्षरं तशीच हायत."

"अन् ते मोठं बटण?"

उद्धव सरांनी पडदा वरखाली सरकवून पाहिला. "न्हाई हो, सर."

सरांनी पियुषला फोन लावला. त्यानं उचलला, पण आवाज पडलेला होता. त्यानं ती कंपनी सोडली होती, की त्याला सोडायला लावली होती, ते त्यानं नीट सांगितलं नाही. "सर, मी मीटिंगमध्ये तुमचं सगळं दाखवलं. आवाज पाहिजे एवढंच त्यांनी ऐकलं. म्हणाले, आवाज टाकून द्या, दिव्यांगांचं काम झालं. चेहऱ्याचं तर संस्थाच ऐकंना. मी लय भांडलो हो." थोडं थांबून म्हणाला, "तुमचा पुठ्ठा माझ्याकडंच हाय. पाठवून देऊ का?"

"राहू दे तुझ्याकडं," सर म्हणाले.

त्यानंतर सरांनी पुन्हा कंपनीला लिहिलं. आपली सूचना आमच्यासाठी मोलाची आहे, असं छापील उत्तर आलं. संस्थेच्या सचिवांना भेटले. सचिवांनी चहा पाजला, सरांच्या जिद्दीचं कौतुक केलं आणि कंपनीशी बोला म्हणाले. कुणावर ओरडावं असा एकही माणूस त्या सगळ्यांत सरांना सापडला नाही. जो तो चांगलं बोलत होता.

अखेर सततच्या गैरहजेरीबद्दल खुलासा मागणारी नोटीस आली. राजेश्री मॅडमनी सरांना केबिनमध्ये बोलावलं, उद्धव सरांनाही. दार लावून घेतलं.

"सर, मी एक सांगते, राग मानू नका. तुमच्या नावासमोर चेहरा उद्धव सरांचा नोंदवून टाकू. ते रोज दोनदा लावतील. एकदा स्वतःची, एकदा तुमची. कोण बघायलंय?"

"मॅडम, एकाची हजेरी दुसऱ्यानं लावू न्हाई म्हणूनच हे अ‍ॅप आणलं ना?"

"हो," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला. "पण माझ्यासमोर दुसरा इलाजच न्हाई."

सरांनी त्या दिवशी नकार दिला. घरी आल्यावर सुकेशनीला सांगितलं. तिनं मशीन थांबवलं. मग म्हणाली, "नोकरी गेल्यावर कुठं जाणार तुमी सुधारणा सुचवायला?" त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच प्रश्न पडला होता.

दुसऱ्या दिवशी सरांनी आपला फोन उद्धव सरांच्या हातात दिला. अ‍ॅपनं सिद्धोधन सर म्हणून उद्धव सरांचा चेहरा क्षणात मान्य केला. "जय भीम सर, लागली बगा," उद्धव सर जरा जास्तच उत्साहानं म्हणाले. सरांनी फोन परत घेतला. तो त्यांना परका वाटला. जे उपकरण हातात आल्यापासून त्यांना कुणाकडे काही मागावं लागत नव्हतं, तेच रोज सकाळी दुसऱ्याच्या हातात द्यायचं होतं.

असंच चाललं आहे. मध्यंतरी उद्धव सर एका लग्नासाठी झरीला गेले. सर वेळेवर शाळेत आले, हजेरी न लागलेला दिवस सुरू केला आणि आठवीला मुक्तिसंग्रामाचा धडा घेऊ लागले. पोरं एकाग्र झाली होती. तेवढ्यात सरांच्या खिशातून ती गोड बाई मोठ्यानं बोलली, "आपण आज गैरहजर आहात. कृपया कारण कळवा."

पोरं खिदळली. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "सर, तुमी आलातच न्हाई आज!"

सरांनी खिशात हात घालून फोन बंद केला. त्यांनाही हसू आलं, पण ते ओठांपर्यंत येऊन थांबलं. टेबलाची कड हातानं चाचपून ते नीट उभे राहिले आणि विचारलं, "कुठपर्यंत आलो होतो आपण?"

पोरांनी सांगितलं. सर पुढे शिकवू लागले.