बाराच्या गाडीची पाळी

आमच्या वाडीला जाणारी एसटी बंद पडावी, असं मी बरेच दिवस मनातल्या मनात म्हणत होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्याच गाडीचं कौतुक करायला लागले की कुणाला वाटायला नको, ही बाई पहिल्यापासूनच मोठी गुणग्राहक होती.

कारण साधं होतं. माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. रत्नागिरीपासून तासाभरावर, कातळाच्या सड्याच्या कुशीतल्या वाडीत ती एकटी राहते. मी रत्नागिरी शहरातच, नाचणे भागात, लिफ्टच्या इमारतीत. एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. मुलगा नोकरीला पुण्यात, त्यामुळे त्याची खोली रिकामी. खिडकीतून आंब्याचं झाड दिसतं, डॉक्टर खालच्याच गल्लीत. म्हाताऱ्या माणसाला आणखी काय हवं? पण वडील गेल्यावर मी विषय काढला, तेव्हा आईने एकच अट घातली.

"वाडीत गाडी येतेय तोवर मी हितंच. गाडी बंद झाली की ये न्यायला. एका शब्दानं नाय म्हणणार नाय."

आई शब्दाची पक्की. त्यामुळे ती कुठे राहणार याचा निकाल आमच्या दोघींच्या हातातून जो सुटला, तो गाडीच्या हातात गेला.

आणि तेव्हाची गाडी काही फार दिवस टिकेलसं वाटत नव्हतं. खिडकीची काच एकदा वर गेली की खाली येत नसे आणि खाली आली की वर जात नसे. पावसाळ्यात गाडीच्या आत छत्री उघडावी लागे. चढाला लागली की तिची धाप ऐकून आपल्यालाच दम लागायचा. शहरातलं जुनं स्टँड पाडलेलं आणि नवं अजून व्हायचं होतं. तोवर पत्र्याच्या कुंपणाबाहेर उन्हात उभं राहायचं आणि येईल त्या गाडीची पाटी वाचत धावायचं. मी वैतागून म्हणायचे, यापेक्षा बैलगाडी बरी. आई विचारायची, "बैलांना चारा कोण घालणार, तू?"

मग एक दिवस बातमी आली की बाराच्या फेरीचं भारमान फार कमी आहे, म्हणजे गाडीत जागा असतात तितकी माणसं बसत नाहीत, तेव्हा ती फेरी बंद करण्याचा विचार चाललाय. आमच्या वाडीला फेऱ्या दोनच. सकाळी एक गाडी वाडीतून शहरात जाते, आणि बाराला रत्नागिरीहून सुटणारी एक वाडीत येऊन लगेच माघारी फिरते. बाराची बंद झाली तर सकाळी गेलेल्या माणसाने परत यायचं कसं? मग सकाळचीही कोण धरणार? थोडक्यात, गाडी गेलीच म्हणून समजा. खरं सांगते, ती बातमी ऐकली त्या संध्याकाळी मी मुलाच्या खोलीतल्या पलंगावर नवी चादर घातली.

वाडीत बैठक बसली. अर्ज करू, निवेदन देऊ, साहेबांना भेटू, सगळं बोलून झालं. मग एक म्हातारबाबा म्हणाले, "देवळातल्या दिव्याची पाळी फिरते ना घरोघर? तशी गाडीची फिरवा."

आमच्या देवळात रोज एका घराने तेल न्यायचं आणि दिवा लावायचा, अशी चाल आहे. वाडीतली जवळजवळ अर्धी घरं बंद, माणसं मुंबईला. पण दार बंद म्हणून पाळी चुकत नाही. शेजारचं कुणीतरी त्या घराच्या नावाने दिवा लावतं. तोच नेम गाडीला लावला गेला. रोज एका घरातल्या एका माणसाने काम असो नसो, सकाळच्या गाडीने रत्नागिरीला जायचं आणि बाराच्या गाडीने परत यायचं. कुणाची पाळी कधी, ते थांब्याच्या निवाऱ्यात भिंतीवर खडूने लिहिलं.

मी कपाळाला हात लावला. जगात लोक काम असलं तरी प्रवास टाळतात आणि आमची वाडी बिनकामाची गाडीत बसायला निघाली! मी आईला म्हटलं, हे म्हणजे पेज थोडी म्हणून भांडं हलवत बसण्यातलं आहे. आई म्हणाली, "हलवलं नाय तर करपते."

पण कोकणातला माणूस रिकाम्या हाताने शहरात जायला लाजतो. पाळीचा माणूस जाताना अळूच्या दोन जुड्या नेऊ लागला, कुणी नीरफणस, कुणी आमसुलं. चार वर्षं डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकलणारे एक काका पाळीच्या दिवशी वेळ जात नव्हता म्हणून सरकारी दवाखान्यात जाऊन बसले आणि पुढच्या महिन्यात मोतीबिंदू काढून मोकळेही झाले. एका सुनेने शिवणाचा क्लास लावला, आता ती पाळी नसतानाही जाते. हळूहळू गाडीत खरीच माणसं दिसू लागली. मधल्या काळात बायकांना अर्धं तिकीट झालं, पंच्याहत्तरीच्या पुढे फुकट प्रवास आला. वाडीला नवी गाडी मिळाली, तिच्या काचा सांगितलेलं ऐकतात. नवं स्टँडही उभं राहिलं, डोक्यावर छप्पर आणि बसायला बाकं असलेलं. मला हे सगळं दिसत होतं. पण पलंगावरची चादर मी काही काढली नाही.

मग एका सकाळी आईचा फोन आला. "बाय, मला ताप आलाय. आज आपल्या घराची पाळी हाय. तू बस बाराच्या गाडीत."

"अगं, ताप आलाय तर पाळी कसली? आणि एका माणसाने काय होणार आहे?"

"एका माणसाचीच तर पाळी असते."

ताप म्हटल्यावर जाणं भागच होतं. अर्ध्या दिवसाची रजा टाकली, औषधं घेतली आणि बाराच्या गाडीत जाऊन बसले. एरवी मी वाडीला जायचे ती नवऱ्याच्या स्कूटरवरून. गाडीत कितीतरी वर्षांनी बसत होते.

कंडक्टर घाटावरची एक तरुण बाई होती. गाडी सुटायच्या आधीच ड्रायव्हरच्या मागे सामान जमू लागलं. कुणाच्या औषधाची पिशवी, कुणाचा दुरुस्त केलेला चष्मा, एक मिक्सरचं भांडं. यातलं काही पाठवणारे लोक गाडीत बसलेच नाहीत, नुसतं "अमक्या फाट्यावर द्या" म्हणून निघून गेले. हातखंबा मागे पडला आणि गाडी आत वळली, तसा ड्रायव्हर एकेका घराशी हॉर्न वाजवू लागला. त्या त्या घरातून माणूस बाहेर यायचं, आपली वस्तू घ्यायचं. एके ठिकाणी लांबवर पायवाटेने एक म्हातारा हात वर करून येत होता. ड्रायव्हरने गाडी थांबवली. मी सवयीने घड्याळ बघितलं. ऑफिसात कुणी पाच मिनिटं उशिरा आलं तर मी लाल शेरा मारते. इथे तो म्हातारा पाय ओढत येईपर्यंत पूर्ण गाडी थांबली आणि कुणी हूं की चूं केलं नाही. मला माझीच जरा लाज वाटली.

कंडक्टर बाई तिकीट द्यायला आली, ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुम्ही आजींच्या लेक का? नाक तेच हाय."

मी हो म्हटलं.

"मग एक सांगा. आजींचं खरं वय किती ओ?"

"अठ्ठ्याहत्तर. का?"

ती हसायलाच लागली. "मला सत्तर सांगत्यात! मी या गाडीवर आले तवापासनं सत्तरच. कार्ड मागितलं की घरी राहिलं म्हणत्यात. म्हटलं, आजी, तुम्हाला फुकट हाय. तर म्हणाल्या, फुकटचं माणूस मोजत न्हाईत. अहो, शून्याचं तिकीट पण मशिनीतनं निघतंय, माणूस धरलं जातंय! पण ऐकतील तर शपथ."

मीही हसले. आईचं हे सोंग तिच्या स्वभावाला धरूनच होतं. मग ती बाई सहज म्हणाली, "पण एवढ्या येत्यात, स्टँडवर दोन-दोन तास बसत्यात. त्यापेक्षा तुमच्याकडं चहाला येत जावा म्हणावं."

"एवढ्या म्हणजे किती?"

"महिन्यातनं चार-पाच खेपा असतील की. कोपऱ्यातलं बाक ठरलेलं हाय त्यांचं. डबा आणत्यात, खात्यात आणि बाराला माझ्या गाडीत."

स्टँडपासून माझं घर रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. आई माझ्याकडे येते ती दिवाळीला आणि नातू आला की, एवढंच. मला वाटायचं, तिला आता प्रवास झेपत नाही. आधी राग आला, कारण माझ्याकडे पहिला रागच येतो. मग पुढचा रस्ता मी खिडकीबाहेर बघत राहिले.

गाडी वाडीत पंधरा मिनिटं थांबते आणि आमचं घर थांब्यासमोरच आहे. आई शाल पांघरून पडवीत बसली होती. मी गाडीतून उतरले का, हे बघायलाच ती बसली होती. तिच्या कपाळाला हात लावला तर ताप उतरला होता.

"आलीस? झाली पाळी," ती म्हणाली.

"आई, आपल्या घराची पाळी महिन्यातून एकदा. मग तू चार-पाच खेपा कशाला घालतेस?"

"बंद घरांच्या नको काढायला? तीन घरं माझ्याकडे हायत. त्यांचा दिवा लावतंय, तशी गाडीत पण बसतंय."

"मग बस. पण दोन तास बाकावर? माझं घर काय ओसाड पडलंय? दहा मिनिटांवर असून आईला स्टँडवर डबा खायला लागतो, लोक काय म्हणतील मला?"

आई जरा वेळ शालीची दशी ओढत राहिली. मग म्हणाली, "आले असते गो. पण तू त्या पलंगावर चादर घालून ठेवलीयस. दिवाळीत बघितली मी. तुझ्याकडे टेकले की तू म्हणणार, आज राहा. मग म्हणणार, उद्या जा. तुला नाय म्हणायला मला लय जड जातं. म्हणून स्टँडवरच बसतंय."

बाहेर ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मी उठले. औषधं तिच्या हातात दिली, कशी घ्यायची ते सांगितलं आणि गाडीकडे पळाले. परतीच्या गाडीत मी रडले. ज्या गाडीचं मी वाईट चिंतलं होतं, तीच मला उचलून घरी नेत होती.

पुढची पाळी कधी, ते मी फोनवर विचारून ठेवलं. त्या दिवशी ऑफिसातून दोन तासांची सुट्टी घेतली, घावन आणि चटणी डब्यात भरली आणि स्टँडवर गेले. कोपऱ्यातल्या बाकावर आई होतीच. मला बघितल्याबरोबर तिने पिशवी मांडीवर घट्ट धरली.

"न्यायला आलीस?"

"नाही. गाडीत बसवायला आले."

तिने माझा चेहरा नीट न्याहाळला आणि मग पिशवी खाली ठेवली. आम्ही घावन खाल्ले. खाता खाता आईने मला स्टँड दाखवलं, पाहुण्याला बाग दाखवतात तसं. देवरुखची कुठे लागते, कोणती गाडी सांगितलेल्या वेळेला सुटते, कुठल्या ड्रायव्हरचा हात हलका आहे, सगळं तिला पाठ. एक बाई मूल कडेवर घेऊन आली. चौकशीची खिडकी समोर होती, तरी तिने आईलाच विचारलं, "आजी, लांज्याची गेली काय?" आई म्हणाली, "नाय गेली. पाणी पी जा, वेळ हाय." मला तिचा असा अभिमान वाटला की काय सांगू. माझ्या घरात खिडकीशी बसवून मी तिला आंब्याचं झाड दाखवत बसले असते.

बाराची गाडी लागली. पायरी अजून उंचच आहे, पण खालून एकाने आणि वरून एकीने हात दिला आणि आई चढली. मीही पिशवी द्यायला वर गेले. कंडक्टर बाई मशीन घेऊन आली आणि डोळे मिचकावत म्हणाली, "आजी, कार्ड?"

"घरी राहिलं."

"वय?"

"सत्तर."

बाई माझ्याकडे वळली. "मॅडम, तुम्ही सांगा आता. लेक हाय, खोटं बोलणार न्हाई."

आई खिडकीबाहेर बघू लागली. मी चोपन्न वर्षांची, शाळेच्या ऑफिसात मुलांच्या जन्मतारखा तपासण्यात माझा जन्म गेला.

"सत्तरच," मी म्हटलं. "आणि मी बेचाळीस."

बाई खो खो हसली आणि तिने अर्धं तिकीट फाडून आईच्या हातावर ठेवलं. आईने ते नीट घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवलं. मी उतरले. गाडी हलली तशी आईने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"पुढच्या पाळीला तुझ्याकडे जेवायला येतंय," ती ओरडली. "पण बाराची चुकवायची नाय!"

ऑफिसला परतायला अजून वेळ होता. मी आधी घरी गेले आणि मुलाच्या पलंगावरची चादर काढून कपाटात ठेवली.