नाबोरच्या गिटारींची मान

आमच्या पाराचो गावात गिटार न करणारा माणूस शोधूनच काढावा लागतो. माझा नवरा नाबोर करतो, त्याचा बाप करायचा, आणि पॉलिश पडलं माझ्या गळ्यात. लग्न होऊन आले तेव्हापासून बोटं चिकटच आहेत. वीट आलाय मला. पण सांगायचं कोणाला? माझ्या म्हाताऱ्या नवऱ्याला सांगितलं तर तो नुसता "हो का" म्हणेल आणि पुन्हा कानस उचलेल.

सासऱ्यांची एकच शिकवण होती: गिटारचं पोट साच्यावर, मान हातावर. पोटाच्या कडा साच्यात वाकवायच्या, पण मान तासताना माप लावायचं नाही. मानेभोवती मूठ मिटून बघायची, नीट बसली की थांबायचं. मानेला लोखंडी माप लावतो तो खुर्च्या करणारा सुतार, असं ते म्हणायचे. नाबोर अजून तेच धरून बसलाय.

परवा एवोदियो आला. लग्नांत गातो, वाजवतो. एका काखेत बापाची जुनी गिटार, दुसऱ्या काखेत यंदा घेतलेली नवी.

"मास्तर, दोन्ही तुमच्याच हातच्या, एकाच साच्यातल्या," तो म्हणाला. "जुनीवर पहाटेपर्यंत वाजवतो, काही होत नाही. नवीवर दोन गाणी झाली की अंगठा धरतो. मान किती बारीक केलीत? तारांनी वाकायला लागलीय."

"बायकोची भांडी घासतोस का हल्ली?" नाबोर म्हणाला. "हात नाजूक झालाय तुझा."

एवोदियो हसला, पण जागचा हलला नाही.

मी दोन्ही गिटारी पलंगावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि सूत लावलं. खालची रुंदी, कंबर, पोटाची खोली, सगळं तंतोतंत. मग माना मुठीत धरल्या. जुनीवर माझा अंगठा आणि बोट यांच्यात घेवड्याचा दाणा मावेल एवढी फट राहिली. नवीवर अंगठा बोटावर चढला. पॉलिशसाठी टांगलेल्या काढून बघितल्या, त्यासुद्धा तशाच किडकिडीत. एवढ्या माना मी रोज पुसते आणि माझ्या लक्षात आलं नाही, कारण मी पुसताना झोपेतच असते.

नाबोर अतोलेचा, मक्याच्या गरम पेजेचा पेला दोन्ही हातांनी धरून पीत होता. मी समजत होते, थंडी आहे म्हणून. खरं तर बोटं आखडून त्याची मूठच मिटत नव्हती. मिटत नाही म्हणून प्रत्येक मान त्याला जाड वाटायची, आणि हा बाबा तासत सुटायचा.

"नवी मान बसवून द्या," एवोदियो जाताना म्हणाला. "जमणार नसेल तर तसं सांगा, मास्तर. मी दुसरीकडे जातो, राग नाही."

एवोदियो गेल्यावर मी म्हटलं, "माप लाव."

"मेलो तरी नाही."

"मग कोणाच्या हाताने करणार आहेस? तुझा हात तर गेला."

मी तोंडावर बोलले. दुसरं कोण बोलणार होतं? त्याने पेला खाली ठेवला आणि हात पोंचोखाली घेतले. जेवलाही नाही धड. मान करणं सोडलं तर या घरात तो कोण, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. मला त्याची दया आली आणि रागही आला.

सकाळी मी तोर्तिया भाजत होते. त्याने हाक मारली, "म्हातारे, इकडे ये."

एवोदियोच्या गिटारीची नवी मान शिकंज्यात आवळलेली होती. "धर," तो म्हणाला. "तुझा हात माझ्या माना ओळखतो. तू सांगशील तिथे थांबतो."

"आता हेही माझ्याच डोक्यावर?"

"तुझ्याच."

तो तासायचा, मी मूठ मिटून बघायची. तव्यावरची तोर्तिया करपली. शेवटी घेवड्याच्या दाण्याएवढी फट राहिली आणि मी म्हटलं, "पुरे."

त्याने स्वतःचा हात फिरवून बघितला. "अजून जाड आहे."

"नाही. पुरे."

अख्ख्या संसारात या माणसाने माझं एक ऐकलेलं नाही. दाराचा रंगसुद्धा स्वतःच्या मनाचा दिला. मी कंबर बांधून उभी राहिले, म्हटलं आता तोंड सोडेल, सासऱ्यांना मध्ये आणेल.

"बरं," तो म्हणाला, आणि कानस खाली ठेवली.

भांडला असता तर बरं झालं असतं.