माहेरची भिक्षा

फोन मठातून आला. "माताजींनी देह ठेवला. रीतीप्रमाणे सगळं झालं. तुम्ही सुतक पाळायचं नाही," असं एका तरुण आवाजानं सांगितलं आणि मी काही विचारायच्या आत फोन ठेवला. याला दीड महिना झाला. सुतक नाही, दहावा नाही, पेपरात फोटो नाही... कारण पंथाच्या लेखी माताजींना बहीणच नव्हती. माताजी म्हणजे माझी थोरली बहीण कुसुम. तिच्यासाठी मला निदान चार ओळी तरी लिहायच्या आहेत.

अठ्ठेचाळीस साली, निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनच्या आधीच्या धुमाळीत आम्ही पाचोडला राहत होतो. गावात लुटालूट सुरू झाली तेव्हा शेजारच्या करीमचाचांनी आम्हाला त्यांच्या आतल्या खोलीत लपवलं. तिथं बसून आमच्या वडिलांनी, आण्णांनी, नवस केला की माणसं वाचली तर एक लेक मठाला देईन. वाचवलं करीमचाचांनी, आणि नवस फेडला नऊ वर्षांच्या कुसुमनं. सगळं निवळल्यावर ती मठात जायला निघाली तेव्हा करीमचाचा रस्त्यात आडवे आले. "छुपाए हम लोगां, पोट्टी उनको कायकू दे रै, भाऊ?" आण्णा तिचा हात धरून बाजूनं पुढं निघाले. दिलेला शब्द मोडायचा नाही, असा त्यांचा बाणा. शब्द त्यांचा होता, मुंडण मात्र तिचं झालं. पुढं आम्ही औरंगाबादला आलो आणि आण्णांनी शहागंजात किराणा दुकान टाकलं.

तिचा मठही शहरातच होता. सकाळी साध्वी झोळ्या घेऊन आमच्या गल्लीत भिक्षेला येत. नियम असा की सगळ्या दारांत उभं राहायचं, आईबापांचं दार तेवढं सोडून. वाटेत भेट झालीच तर आईनं लेकीच्या पाया पडायचं आणि लेकीनं तिला आई म्हणायचं नाही. आई दाराआड उभी राहून तिला पुढच्या घरी जाताना बघायची. शेजारच्या गयाकाकूंना ते बघवेना. "द्या इकडं वहिनी ती भाकर. माझ्या चुलीवरची म्हून वाढते, कोनाला काय कळतंय?" तेव्हापासून आमच्या घरची भाकरी गयाकाकूंच्या हातून कुसुमच्या झोळीत पडू लागली. आई त्या दिवसांत गुणगुणत स्वयंपाक करायची. असं काही वर्षं चाललं.

मग एका सकाळी साध्वींमध्ये कुसुम दिसली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आमचं गुपित कुणी फोडलं म्हणून गयाकाकूंनी सगळ्या गल्लीवर संशय घेतला, भांडणंही केली. फोडलं होतं कुसुमनं स्वतः. मठात दर पंधरवड्याला गुरूंपुढे आपल्या चुका सांगाव्या लागत. तिनं सांगितलं, की ही भाकरी आईच्या हातची आहे हे मी पहिल्या घासालाच ओळखलं आणि तरी आवडीनं खाल्ली. महंतांनी तिला कन्नडकडच्या मठात धाडलं आणि या शहरात पाऊल टाकायला बंदी केली. आई शेवटच्या दुखण्यात तिचं नाव घेत होती. आम्ही निरोप धाडला, पण तिथं कुणी तो तिच्या कानावर घातला नाही. आई गेल्याचं तिला महिन्यानं कळलं, तेही तिसऱ्याच कुणाच्या बोलण्यातून.

लोक मला सांगतात की पंथानं बायकांना ज्ञान दिलं, मान दिला. कुसुमला पोथ्याच्या पोथ्या पाठ होत्या, मोठमोठे लोक तिच्या पायांवर डोकं ठेवत, हे खरंच आहे. पण तुला हे हवंय का, असं त्यातल्या एकानं तरी तिला विचारलं का? मी चिडले आहे. अजून चिडलेलीच आहे.

गेल्या वर्षी नवे महंत आले. त्यांनी म्हाताऱ्या साध्वींना एक दिवस घरी जायची मोकळीक दिली. मी कन्नडहून तिला एसटीनं घेऊन आले. शहागंजातलं हे घर तिनं पहिल्यांदाच आतून पाहिलं. आईची चूल कुठं होती ते विचारलं, तिथल्या भिंतीवरून हात फिरवला. मी पाट मांडून ताट वाढलं. भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी. तिनं घास तोंडात घेतला... आणि तो तसाच राहिला.

"अक्का, जेव ना."

"गिळंना गं," ती म्हणाली. "कोनाच्या घरात बसून खायाचं जमतच नाय आता."

ती उठली, झोळी घेऊन बाहेर गेली आणि दाराच्या पायरीवर उभी राहिली. मला वाटलं, रुसली. मी आत ये म्हणाले, हात धरला, रडले.

"वाढ हितंच," ती म्हणाली.

मी ताटातली भाकरी उचलली आणि उंबऱ्याच्या आतून तिच्या झोळीत टाकली. तिनं डोळे मिटले आणि साध्वी भिक्षा मिळाल्यावर प्रत्येक दारात देतात तो आशीर्वाद, त्याच ठरलेल्या चालीत, दिला. "या घरच्या लेकी सुखी राहोत."

या घराला दोनच लेकी होत्या. एक उंबऱ्याच्या आत उभी होती. दुसरी पायरीवर बसून भाकरी खाऊ लागली, भुकेल्या माणसासारखी, खाली सांडलेला तुकडासुद्धा वेचून. त्या पायरीवर मला आता पाय ठेववत नाही. बाजाराला जायचं झालं तर मी मागच्या दारानं जाते.